खिमा: थोडं मटण, मोठी पंगत

मराठीत एखाद्याची पुरती वाताहत झाली की म्हणतात, त्याचा पार खिमा झाला. हाणामारीतही खिमा होतो आणि परीक्षेच्या पेपरातही. बिचाऱ्या शब्दाच्या वाट्याला भाषेत चांगलं काही आलं नाही. पंगतीतही तेच. पाहुणा यायचा असेल तर घरात रान, चाप, नळी यांची चर्चा होते. 'आज खिमाच करू' या वाक्यातला 'च' नीट ऐकला तर कळतं, की तो मेजवानीचा मेनू नसून महिनाअखेरचा आहे.

या 'च'मागे बराच मोठा इतिहास आहे. तो सांगायचं निमित्त साधं आहे. कांदिवलीसारख्या उपनगरातल्या घराघरांत आता छोटा ओव्हन आला आहे. इंटरनेटवर मीटलोफच्या कृती पाहून अनेक जण त्या करून बघतात, आणि निम्म्या लोकांची एकच तक्रार असते: कोरडा झाला, भुगा झाला, मुलांनी खाल्ला नाही. त्यात पथ्याचा विचार करून चरबी कमी केली असेल तर विचारायलाच नको. यावरचा उपाय परदेशी पुस्तकात शोधायची गरज नाही, तो आपल्याच स्वयंपाकाच्या इतिहासात आहे. थोडं मटण जास्त माणसांना पुरवायचं म्हणून लोकांनी खिम्यात जे जे मिसळलं, त्यानंच खिमा मऊ आणि रसाळ राहिला. काटकसर आणि चव इथे वेगळ्या वाटांनी आलेल्या नाहीत.

सुरुवात कांदिवलीतूनच करता येते. आज जिथे इमारतींच्या रांगा उभ्या आहेत, त्या परिसरात अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली आहेत. के. आर. यू. टॉड या अधिकाऱ्यानं मुंबईच्या अश्मयुगीन हत्यारांवर लिहिलेला निबंध 1939 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यामुळे कांदिवलीचं नाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ठाऊक झालं. ही हत्यारं म्हणजे धार काढलेले दगड. त्यांनी लाकूड तासलं जाई, कातडं सोललं जाई आणि मांस कापलं जाई.

मांस कापणं ही आपल्याला क्षुल्लक गोष्ट वाटते. पण माणसाचे दात वाघासारखे नाहीत. कच्च्या मांसाचा तुकडा आपण कितीही चावला तरी तो रबरासारखा तोंडात फिरत राहतो. हार्वर्ड विद्यापीठातल्या कॅथरीन झिंक आणि डॅनियल लीबरमन यांनी 2016 साली 'नेचर' या नियतकालिकात यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. आहारात एक तृतीयांश मांस असेल, ते दगडानं कापलेलं असेल आणि कंदमुळं ठेचलेली असतील, तर आदिमानवाला चावण्याचे श्रम 17 टक्के कमी वेळा आणि 26 टक्के कमी जोरानं घ्यावे लागले असते, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे चुलीवर नियमित स्वयंपाक सुरू होण्याच्या कितीतरी आधी कापणं आणि ठेचणं सुरू झालं. सुरी हा पहिला स्वयंपाकी. खाटकाच्या दुकानात लाकडाच्या ओंडक्यावर दोन सुऱ्यांचा ताल धरून खिमा कुटणारा माणूस त्या परंपरेतला सगळ्यात जुना कारागीर म्हणायला हवा.

खिमा हा शब्द मात्र खूप नंतरचा. तुर्की भाषेत बारीक चिरण्याला 'कीयमक' म्हणतात. त्यावरून 'कीयमा', फारसीत 'केयमे', उर्दूत 'कीमा' आणि मराठीत 'खिमा'. गंमत अशी, की इराणात आज 'केयमे' म्हटलं तर आपल्यासारखा बारीक खिमा पानात येत नाही. मटणाचे छोटे तुकडे, त्यात सोललेल्या वाटाण्यासारखी पिवळी डाळ, सुकवलेलं लिंबू आणि वर तळलेले बटाटे असा तो रस्सा असतो. मोहरममध्ये हाच पदार्थ मोठाल्या देगांत शिजवून रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटला जातो. इराकात, करबला आणि नजफच्या बाजूला, त्याच दिवसांत 'कीमा' शिजतो. तिथे मटण आणि छोले तासन्‌तास एकत्र शिजवून मोठ्या लाकडी दांड्यांनी घोटून एकजीव करतात आणि भाताबरोबर वाटतात. मटण ओळखू येत नाही, छोले ओळखू येत नाहीत, आणि शेकडो माणसं जेवून जातात. जो पदार्थ वाटण्यासाठी केला जातो, त्यात मटणाबरोबर डाळ किंवा कडधान्य असतंच, हे इथे लक्षात ठेवू या.

आपल्याकडेही ही जोडी जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेलं. राजाच्या भोजनाच्या प्रकरणात सळईवर भाजलेलं मांस आहे, तसंच बारीक केलेल्या मांसाला मसाला लावून केलेले गोळे आणि पोकळ केलेल्या वांग्यात ते सारण भरून तळण्याची रीतही आहे. भरल्या वांग्यात शेंगदाणे घालणाऱ्या आपल्या पिढीला हे वाचून गंमत वाटेल. भुईमूग तेव्हा भारतात नव्हता, तो पुढे अमेरिका खंडातून आला. वांग्यात खिमा भरण्याची कल्पना शेंगदाण्याच्या आधीची आहे.

पुढे सोळाव्या शतकात अबुल फझलनं 'आईन-ए-अकबरी'त बादशहाच्या मुदपाकखान्याचा तपशील मापासकट लिहून ठेवला. त्यात किमा पुलाव आहे. दहा शेर मांस आणि दहा शेर तांदूळ यांच्या जोडीला एक शेर सोललेला हरभरा आणि दोन शेर कांदा, शिवाय आलं, मिरी, जिरं, वेलची, लवंग. हिंदुस्थानच्या बादशहाला मटण परवडत नव्हतं म्हणून हरभरा घातला, असं कुणी म्हणणार नाही. त्याच हरभऱ्याची डाळ आज शामी कबाबात पडते. शामी कबाब करणाऱ्या कुठल्याही घरात विचारा: डाळ कमी पडली तर कबाब तव्यावर कडक होतो, जास्त झाली तर वडा होतो. हा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेला आहे.

डाळीचं झालं, आता पावाचं. बारीक मांसात भिजवलेला पाव घालण्याची रीत रोमन काळापासून लिहिलेली सापडते. एपिशियसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या लॅटिन पाकग्रंथात वाटलेल्या मांसात पांढऱ्या पावाचा गाभा घालायला सांगितलं आहे. तो पाव तिथे द्राक्षाच्या मद्यात भिजवलेला आहे, ते आपण सोडून देऊ आणि पुढचं पाहू. बगदादमध्ये 1226 साली मुहम्मद अल्‌ बगदादीनं लिहिलेल्या 'किताब अल्‌ तबीख'मध्येही कुटलेल्या मांसाचे गोळे पुन्हा पुन्हा येतात, कधी रश्श्यात, कधी भाताबरोबर. एकूण काय, भूमध्य समुद्रापासून दख्खनपर्यंत जिथे जिथे मांस बारीक केलं गेलं, तिथे त्याला कुणीतरी सोबती दिला गेला. कुठे पाव, कुठे डाळ, कुठे तांदूळ, कुठे वांगं.

मुंबईत हे सगळे सोबती एकाच शहरात भेटले. पाव इथे पोर्तुगिजांच्या संगतीनं आला आणि शब्दही त्यांचाच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून इराणी हॉटेलं उघडू लागली. धोबी तलावाचं कयानी 1904 सालचं. इराण्याच्या गोल संगमरवरी टेबलावर खिमा-पाव आला, आणि गिरणीचा कामगार, कोर्टातला कारकून आणि कॉलेजचा विद्यार्थी एकाच बशीतल्या पदार्थावर सकाळ काढू लागले. पारशी घरात खिम्यावर अंडी फोडून 'खिमा पर ईडू' झालं. दाऊदी बोहरी घरांत खिम्याला पेटत्या कोळशाचा धूर देऊन त्याचे समोसे झाले. गोऱ्या साहेबाच्या खानसाम्यानं उरलंसुरलं मटण बारीक करून, पावाचा चुरा लावून कटलेट तळलं. ते पुढे रेल्वेच्या डब्यात आणि इराण्याच्या काचेच्या कपाटात जाऊन बसलं.

पण मीटलोफचा मुंबईतला सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण, असं विचारलं तर माझं उत्तर भानोळे हे आहे. पाठारे प्रभू ही मुंबईची फार जुनी मराठी जमात. त्यांच्या घरात बारीक चिरलेला कोबी, कोळंबी, कांदा, मसाला आणि बेसन एकत्र कालवून, तेल लावलेल्या भांड्यात थापून भाजतात आणि मग वड्या कापून वाढतात. ओव्हन नव्हता तेव्हा भांड्याच्या खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. वरून-खालून सारखी आच, हेच तर ओव्हनचं काम. कोबी पाणी सोडतो, बेसन ते धरून ठेवतं, आणि मूठभर कोळंबीत सगळं घर जेवतं. कोळंबीच्या जागी खिमा ठेवा, बेसनाच्या जागी पाव ठेवा, अमेरिकन मीटलोफ तयार. आणि ही रीत मराठी चुलीवरची आहे.

हीच युक्ती समुद्रापार एका वेगळ्या दुःखातून पोचली. डच ईस्ट इंडिया कंपनीनं 1652 साली दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपमध्ये ठाणं वसवलं. तिथे राबायला त्यांनी गुलाम आणले: आजच्या इंडोनेशियातून, श्रीलंकेतून, बंगालमधून आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून. त्यांतल्या अनेकांचा आणि त्यांच्या वंशजांचा मिळून जो मुस्लिम समाज बनला, त्याला केप मलय म्हणतात. त्यांच्या स्वयंपाकघरात रुजलेल्या 'बोबोटी' या पदार्थात खिम्यात दुधात भिजवलेला पाव, हळद, मसाला, मनुका घालतात, वरून अंडं आणि दूध फेटून ओततात आणि भाजतात. मालकाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या माणसांचा हा पदार्थ आज त्या देशाची ओळख म्हणून मिरवला जातो. तो एक घास खाल्ला तर मुंबईच्या माणसाला परका वाटणार नाही.

अमेरिकन मीटलोफची गोष्ट त्यामानानं अलीकडची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातानं फिरवायचं लोखंडी यंत्र घरोघरी आलं आणि खिमा कुटायचे कष्ट संपले. पुढे 1930च्या दशकातल्या महामंदीत नोकऱ्या गेल्या, आणि थोडं मांस, शिळा पाव, ओट्स, कांदा, अंडं यांची लादी भाजून आठवडा काढणं हा घरोघरचा उपाय झाला. ब्रिटनमध्ये मांसाचं रेशनिंग मार्च 1940मध्ये सुरू झालं आणि जुलै 1954मध्ये संपलं. त्या चौदा वर्षांत तिथल्या गृहिणींनीही मांसात पाव, ओट्स, गाजर, बटाटा मिसळून ताटं भरली. जगभर खिम्याचा इतिहास हा असा टंचाईच्या वर्षांचा इतिहास आहे.

आपल्याकडची टंचाई वेगळ्या रस्त्यानं आली. मुंबईचा कत्तलखाना पूर्वी वांद्र्याला होता, 1971 साली देवनार सुरू झालं. बकऱ्याचं मटण हे या शहरात नेहमीच महागडं. गरीब घरात मांस म्हणजे 'बड्याचं', म्हैस-बैलाचं. महाराष्ट्रात गोहत्येवर 1976च्या कायद्यानं बंदी होती. त्या कायद्यातली दुरुस्ती विधिमंडळानं 1995 साली केली, तिला राष्ट्रपतींची मंजुरी मार्च 2015मध्ये मिळाली आणि बैल व वळूही बंदीत आले. म्हशीचं मांस कायद्यानं चालू राहिलं. त्या निर्णयाच्या बाजूनं आणि विरोधात पुष्कळ लिहिलं गेलं आहे, ते इथे पुन्हा मांडत नाही. स्वयंपाकघरापुरतं एवढंच, की ज्या घरात आठवड्यातून दोनदा गोश्त शिजायचं तिथे ते एकदा शिजू लागलं, आणि एकदाच शिजणार असेल तर ते सगळ्यांना पुरलं पाहिजे, ही चिंता आईच्या माथ्यावर आली. खाटकाला 'अर्धा किलो खिमा, चरबी जरा कमी' असं सांगणाऱ्या बाईच्या डोक्यात केवढं गणित चालू असतं, ते तिच्या मागे रांगेत उभ्या असलेल्याला दिसत नाही.

इथे एक शंका येते आणि ती रास्त आहे. खिम्यात दुसरं काही मिसळणं म्हणजे भेसळ नाही का? मिसळणारा कोण आणि ते सांगून मिसळतो की लपवून, यावर उत्तर अवलंबून आहे. दुकानदारानं पैसे मटणाचे घेतले आणि पिशवीत दुसरंच भरलं, तर ती फसवणूक. म्हणून खिमा डोळ्यांसमोर कुटून घ्यावा, हा जुन्या बायकांचा नियम आजही सोडू नये. पण घरच्या बाईनं स्वतःच्या हातानं डाळ मिसळली तर ती पाककला. या दोन गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्यामुळे घरच्या मिसळणाऱ्या हाताला उगाच कमीपणा आला.

खरं म्हणजे त्या हातानं आणखी एक मोठं काम केलं आहे. हाडासकट मटणाचा रस्सा दस्तरखानावर आला की तुकड्यांची निवड सुरू होते. नळी आजोबांना, चांगली बोटी वडलांना आणि पाहुण्यांना, मग मुलगे, मग मुली. जी शिजवते ती शेवटी बसते, आणि तिच्या ताटात बटाटा आणि रस्सा येतो. ही गोष्ट मुसलमान घरांपुरती नाही, मराठी मुलखातल्या कुठल्याही मांसाहारी घरात थोड्याफार फरकानं हेच दिसतं. खिम्यात मात्र चांगला तुकडा आणि वाईट तुकडा हा भेदच उरत नाही. लादी भाजून सहा चकत्या कापल्या तर सहाही सारख्या. सासूची आणि सुनेची चकती एकाच मापाची. कुर्बानीच्या गोश्ताचे तीन वाटे करायची रीत आहे: एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. बाहेर इतकी काटेकोर वाटणी शिकवणाऱ्या घरांनी आतल्या ताटांचीही तशीच वाटणी करायला हवी, आणि खिमा ती आपोआप करून देतो. म्हणून मला तो महिनाअखेरचा पदार्थ वाटत नाही. माझ्या लेखी तो सगळ्यात न्यायाचा पदार्थ आहे.

आता कोरडेपणाच्या तक्रारीकडे येऊ. मांस तापलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि ओला कपडा पिळावा तसं पाणी बाहेर टाकतात. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या पुढे हे पिळणं जोरात सुरू होतं. खिमा मात्र आतपर्यंत 71 अंशांना पोचवावाच लागतो. अखंड तुकड्यात जंतू बहुधा वरच्या पृष्ठभागावर असतात. खिमा करताना तो पृष्ठभागच आत मिसळला जातो. त्यामुळे 'आतून थोडा कच्चा चालेल' ही सूट खिम्याला नाही. कोंबडीच्या खिम्याला तर 74 अंश हवेत. म्हणजे पाणी सुटणार हे नक्की. प्रश्न एवढाच, की ते ट्रेमध्ये सांडणार की कुणीतरी धरून ठेवणार. पावातला आणि डाळीतला स्टार्च ते धरून ठेवतो, शिवाय मांसाच्या कणांमध्ये शिरून त्यांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही. रोमन आचाऱ्याला आणि अकबराच्या बावर्चीला हे शास्त्र ठाऊक नव्हतं, पण परिणाम ठाऊक होता.

परदेशी कृती इथे फसते त्याचं आणखी एक कारण आहे. ती बहुतेक वेळा चांगली चरबी असलेल्या गोमांसाच्या खिम्यासाठी लिहिलेली असते. आपला बकऱ्याचा खिमा मुळातच कमी चरबीचा. तो त्याच मापानं आणि त्याच वेळेत भाजला तर कोरडाच होणार. त्याला सोबती जास्त लागतो.

सहा माणसांसाठी अर्धा किलो खिमा घ्यावा. पाव वाटी हरभऱ्याची डाळ भिजवून, मऊ शिजवून, पाणी निथळून भरड घोटावी. दीड-दोनशे ग्रॅम दुधी किसून हलका पिळावा आणि पिळलेलं पाणी फेकू नये. त्या पाण्यात थोडं दूध मिसळून दोन शिळे पाव भिजत घालावेत आणि त्यांचा लगदा करावा. कांदा कच्चा घालण्यापेक्षा चमचाभर तेलात मऊ करून, गार करून घालावा. आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, पुदिना, गरम मसाला, चमचाभर मीठ आणि एक अंडं हे सगळं आधी पावाच्या लगद्यात कालवावं. खिमा सगळ्यात शेवटी घालावा आणि बोटांनी हलकेच एकत्र करावा. इथे कणकेसारखं मळायचं नाही. मीठ लागलेला खिमा जितका मळाल तितका तो चिकट होत जातो. सीख कबाब सळईला धरून राहावा म्हणून तो मळतात, लादीला मात्र तसं केलं तर ती रबरासारखी होते. कच्ची पपईही इथे नको. कबाबाच्या घट्ट मांसाला ती मऊ करते, पण खिम्यात जास्त पडली तर लगदा करते.

हे मिश्रण तेल लावलेल्या लांबट भांड्यात भरून 180 अंशांवर पाऊण तास ते 50 मिनिटं भाजावं. शेवटच्या दहा मिनिटांत वरून टोमॅटोचा घट्ट रस, थोडा गूळ आणि किंचित चिंच लावली तर बाजारच्या गोड सॉसची गरज उरत नाही. स्वयंपाकघरात वापरायचा थर्मामीटर असेल तर मधोमध खुपसून 71 अंश पाहावेत. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नये. तेवढ्यात सुटलेलं पाणी आत परत मुरतं आणि चकत्या स्वच्छ कापल्या जातात. घाई केली तर रस ताटलीत आणि भुगा ताटात.

ओव्हन नसेल तर कोथिंबीर वडीची वाट धरावी. मिश्रणाचा जाड वळकट्यासारखा रोल करून, केळीच्या पानात किंवा तेल लावलेल्या कापडात गुंडाळून, शिटी काढलेल्या कुकरमध्ये 35-40 मिनिटं वाफवावा. पूर्ण गार झाला की चकत्या कापून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजू लाल कराव्यात. वाफेत पाणी उडत नाही, त्यामुळे ही लादी ओव्हनच्या लादीपेक्षाही मऊ निघते. उरलेली दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी. मुलांच्या डब्यात पावात घालून द्यायला ती उत्तम.

आता पथ्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 साली सॉसेज, सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक गटात टाकलं आणि साधं लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या खालच्या गटात ठेवलं. लाल मांस खायचंच असेल तर शिजवलेलं आठवड्याला साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवावं, असा जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आहे. आपल्या लादीत माणशी कच्चं मांस 85 ग्रॅमच्या आतच येतं. उरलेलं ताट डाळ, दुधी आणि पावानं भरतं, आणि डाळ-दुधीबरोबर मटणात मुळीच नसलेला चोथा पोटात जातो. पाकिटातल्या सॉसेजऐवजी डोळ्यांसमोर कुटलेला खिमा, तळण्याऐवजी भाजणं किंवा वाफवणं, आणि थोडक्या मांसात पोटभर जेवण: डॉक्टर आज जे सांगतात ते गरिबांच्या चुलीवर कधीपासून चालू आहे. त्या चुलीला त्याचं श्रेय मात्र कुणी दिलं नाही.

ज्यांच्याकडे भरपूर होतं त्यांनी रान भाजली, आणि त्यांच्या मेजवान्यांची वर्णनं बखरीत, शायरीत, प्रवाशांच्या रोजनिशीत आली. ज्यांच्याकडे थोडं होतं त्यांनी ते बारीक केलं, त्यात डाळ घातली, पाव घातला, दुधी घातला आणि आणखी चार ताटं मांडली. त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. पण खिम्याची लादी कापताना सुरी अडली नाही, चकती मऊ निघाली आणि शिजवणारीच्या ताटातही इतरांएवढीच पडली, तर त्यांचा इतिहास नीट वाचला गेला असं समजावं. आणि पुढच्या वेळी 'आज खिमा करू' म्हणताना त्यातला 'च' गाळून टाकावा.